बंदुकीला नियम घालणारा शिकारी

शिकार, बंदूक, जंगल, परवाना, कायदा हे शब्द वाचताना तुम्हांला अडचण येणार नाही. मराठीत आणि आपल्या उर्दूत ते सारखेच आहेत. या पाठात ते वारंवार येतील. एक शब्द मात्र जपून वाचा. तो म्हणजे हंगाम. मराठीत हंगाम म्हणजे मोसम, एखाद्या गोष्टीचा ठरलेला काळ. उर्दूतल्या हंगाम्याशी त्याची गल्लत करू नका.

हा पाठ एका शिकाऱ्याचा आहे. त्याचे नाव थिओडोर रूझवेल्ट. ते अमेरिकेचे सव्विसावे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी आयुष्यात शेकडो प्राणी मारले आणि त्यांनीच सुमारे २३ कोटी एकर जमिनीला सरकारी संरक्षण दिले. महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट एवढी ती जमीन होते. मारणारा आणि राखणारा हात एकच कसा, असा प्रश्न तुम्हांला पडेल. तो पडलाच पाहिजे.

थिओडोरचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्क शहरात एका श्रीमंत घराण्यात झाला. घरात कशाची कमतरता नव्हती, पण मुलाला दमा होता. रात्री-अपरात्री त्याचा श्वास कोंडे. मग वडील त्याला उचलून घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत. कधी घोडागाडी जोडून मोकळ्या हवेत फिरवून आणत. पुढे वडिलांनी घरातच व्यायामाची साधने बसवून दिली आणि शरीर कमावण्याची जबाबदारी मुलावर टाकली. मुलाने ती मनावर घेतली.

तो सात-आठ वर्षांचा असताना बाजारात एका दुकानापुढे मेलेला सील मासा मांडलेला त्याने पाहिला. सील हा खरे तर मासा नाही, समुद्रात राहणारा सस्तन प्राणी आहे. थिओडोर पट्टी घेऊन रोज तिथे जाऊ लागला आणि त्या सीलची मापे वहीत लिहू लागला. शेवटी त्याला त्या प्राण्याची कवटी मिळाली. ती घरी आणून भावंडांच्या मदतीने त्याने एक छोटे संग्रहालय उघडले. त्यात उंदीर आले, पक्षी आले, कीटक आले. घरातल्या नोकरमाणसांना या संग्रहालयाचा किती त्रास झाला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याच्या हाती पहिली बंदूक आली. बरोबरीची मुले ज्यांच्यावर नेम धरत, ते पक्षी याला दिसतच नसत. तेव्हा कुठे घरच्यांना कळले, की मुलाची नजर अधू आहे. चष्मा लागला आणि जग स्पष्ट दिसू लागले. त्याच सुमारास मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरण्याची कला तो शिकला. १८७२-७३ च्या हिवाळ्यात हे कुटुंब इजिप्तला गेले. नाईल नदीवर नावेतून फिरताना थिओडोरने कितीतरी पक्षी टिपले आणि त्यांची नोंद ठेवली. त्या काळी दुर्बिणीतून पक्षी पाहून ओळखण्याची पद्धत रूढ झालेली नव्हती. पक्षी ओळखायचा तर तो मारून हातात घ्यायचा, अशीच रीत होती. आपले सलीम अली यांचीही गोष्ट एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासूनच सुरू होते, हे तुम्ही वाचले असेल.

आता आपण १८८३ सालात येऊ. शिक्षण पूर्ण झाले होते, लग्न झाले होते आणि रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या विधिमंडळात निवडूनही आले होते. त्यांच्या मनात एक इच्छा होती, ती म्हणजे बायसन मारण्याची. बायसन हा आपल्याकडील गव्याच्या नात्यातला, दाट केसांचा प्रचंड प्राणी. अमेरिकेच्या गवताळ मैदानांत एकेकाळी तो कोट्यवधींच्या संख्येने होता. रूझवेल्ट रेल्वेने दूर पश्चिमेला डाकोटा प्रदेशात गेले. पाऊस कोसळत होता आणि चिखल माजला होता. वाटाड्या कंटाळला, पण हे थांबेनात. कळपांच्या जागी त्यांना पांढरी पडलेली हाडे दिसत होती. अनेक दिवस वणवण केल्यावर एक नर बायसन सापडला आणि त्यांनी तो मारला. आनंदाच्या भरात ते त्या मेलेल्या जनावराभोवती नाचले. वाटाड्याला त्यांनी शंभर डॉलर बक्षीस दिले.

हे चित्र मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवा. शेवटच्या काही बायसनांपैकी एक मारून नाचणारा हा चोवीस वर्षांचा तरुण आहे. पुढच्या रूझवेल्टना समजून घ्यायचे असेल, तर हा तरुण विसरून चालणार नाही.

पुढच्याच वर्षी त्यांच्यावर मोठा आघात झाला. १४ फेब्रुवारी १८८४ या एकाच दिवशी, एकाच घरात, त्यांची आई आणि पत्नी दोघी वारल्या. मुलगी अवघ्या दोन दिवसांची होती. तिला बहिणीच्या स्वाधीन करून ते डाकोटात गेले आणि गुरे पाळू लागले. तिथल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी जे पाहिले, ते पुस्तकात सापडणारे नव्हते. बायसन संपला होता. एल्क नावाचे मोठे हरीण संपत आले होते. गुरांनी कुरण ओरबाडून खाल्ले होते. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात ती गुरेही हजारोंनी मेली. जमिनीकडून किती घ्यावे याला मर्यादा असते, हा हिशेब तिथे त्यांना कळला.

याच काळात त्यांनी शिकारीवर एक पुस्तक लिहिले. जॉर्ज बर्ड ग्रिनेल हे एका शिकार-मासेमारीच्या साप्ताहिकाचे संपादक होते. त्यांनी पुस्तकाची स्तुती केली, पण लेखकाचा अनुभव तोकडा आहे असेही छापले. रूझवेल्ट तडक त्यांच्या कचेरीत गेले. भांडायला गेलेला माणूस दोस्त होऊन परतला. ग्रिनेल यांनी त्यांना समजावून दिले, की डाकोटात घडले तेच सगळ्या देशात घडत आहे.

त्या वेळची परिस्थिती काय होती ते पाहा. शिकाऱ्यांचे आणि गळाने मासे धरणाऱ्यांचे स्थानिक क्लब अमेरिकेत गावोगावी होते. त्यांची संख्या शेकड्यांत होती. दुसरीकडे बाजारासाठी शिकार करणारे धंदेवाईक लोक होते. भराभर गोळ्या झाडणाऱ्या नव्या बंदुका आल्या होत्या. माल नेण्यासाठी रेल्वे होती, मांस टिकवण्यासाठी बर्फ होता. नावेवर तोफेसारखी मोठी बंदूक बसवून एका बारात बदकांचा थवाच्या थवा पाडला जाई. विणीचा हंगाम कोणी पाळत नसे. राज्याराज्यांत काही कायदे होते, पण ते राबवणारे शिपाई फारच थोडे होते. काही क्लब स्वतःच्या खर्चाने अशा लोकांना कोर्टात खेचत. पण बाजूच्या राज्यात जाऊन माल विकला, की संपले.

डिसेंबर १८८७ मध्ये रूझवेल्टनी न्यूयॉर्कमध्ये शिकारी मित्रांना जेवायला बोलावले. त्या जेवणातून बून आणि क्रॉकेट क्लब जन्माला आला. डॅनियल बून आणि डेव्ही क्रॉकेट हे दोन जुने नामांकित शिकारी. त्यांची नावे क्लबला दिली. पहिले अध्यक्ष रूझवेल्टच झाले. सभासद शंभरांहून अधिक घ्यायचे नाहीत असे ठरले. ज्याने मोठा प्राणी बंदुकीने मारलेला आहे, त्यालाच प्रवेश. वन्य प्राण्यांना वाचवण्यासाठी काढलेल्या मंडळाची ही अट! वाचून हसू येते.

पण त्यांची दुसरी अट अधिक महत्त्वाची होती. शिकार न्यायाने झाली पाहिजे. म्हणजे प्राण्याला निसटण्याची संधी असली पाहिजे. सापळ्यात अडकलेला, खोल बर्फात रुतलेला, पाण्यात पोहत असलेला किंवा रात्री दिव्याच्या उजेडाने दिपलेला प्राणी मारणे या क्लबने निषिद्ध ठरवले. हा नियम आधी सभासदांनी स्वतःला लावून घेतला. मग तो कायद्यात यावा म्हणून खटपट केली. न्यूयॉर्क राज्यात १८९७ मध्ये कुत्र्यांकडून पिटाळून आणि रात्री दिवे दाखवून हरणे मारण्यास बंदी झाली. यामागे अशाच शिकाऱ्यांचा जोर होता.

क्लबची मोठी लढाई यलोस्टोनची. यलोस्टोन हे १८७२ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान. तिथे थोडे रानटी बायसन उरले होते. उद्यान होते, पण त्यात शिकार करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाच नव्हता! मार्च १८९४ मध्ये एडगर हॉवेल नावाचा चोरटा शिकारी भर बर्फात बायसनांची कातडी काढताना पकडला गेला. बायसनाच्या मुंडक्याला बाजारात मोठी किंमत होती. त्याला पकडणारा जवान मोकळ्या मैदानावरून, हातात फक्त पिस्तूल घेऊन, बंदूकधारी चोराच्या दिशेने चालत गेला होता. आणि एवढे करून हॉवेलला शिक्षा काय झाली? सामान जप्त आणि उद्यानाबाहेर हकालपट्टी. बस्स.

ग्रिनेल यांच्या साप्ताहिकाचा बातमीदार योगायोगाने तिथेच होता. बातमी छापून आली आणि लोक संतापले. रूझवेल्ट आणि त्यांच्या क्लबचे सभासद राजधानीत धावपळ करू लागले. जॉन लेसी या खासदारांनी विधेयक आणले आणि ७ मे १८९४ रोजी त्याचा कायदा झाला. आता उद्यानात प्राणी मारणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. चोरट्या शिकाऱ्याच्या हातून काही महिन्यांत एवढा मोठा कायदा घडला, ही गंमतच म्हणायची. याच लेसी यांच्या नावाचा दुसरा कायदा १९०० साली झाला. एका राज्यात कायदा मोडून मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेणे हा त्यामुळे गुन्हा ठरला. बाजारी शिकारीची नस तिथे कापली गेली.

सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर एका माथेफिरूने पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ते वारले आणि उपराष्ट्राध्यक्ष असलेले रूझवेल्ट वयाच्या ४२ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले.

पुढच्या वर्षीची एक गोष्ट जगभर पसरलेली आहे. मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला ते गेले होते. होल्ट कॉलियर हा त्यांचा वाटाड्या. तो कृष्णवर्णीय होता आणि जन्माने गुलाम होता. अस्वलाच्या शिकारीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रूझवेल्टना अस्वल मिळेना. कॉलियरने एक अस्वल पकडले, झाडाला बांधले आणि त्यांना बोलावणे धाडले. रूझवेल्टनी बांधलेल्या जनावरावर गोळी झाडण्यास नकार दिला. क्लबचा नियम इथे कामी आला. वर्तमानपत्रात त्याचे व्यंगचित्र आले. ते पाहून ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल शिवले आणि रूझवेल्टच्या लाडक्या नावावरून त्याला टेडी म्हटले. तुमच्या घरात टेडी असेल, तर तो तिथून आला आहे. मात्र गोष्टीचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. ते खरे अस्वल जखमी झाले होते. त्याचे हाल थांबवावेत असे रूझवेल्टनी सांगितले आणि ते सुरीने मारण्यात आले. न्यायाची शिकार म्हणजे दया नव्हे.

फ्लॉरिडात पेलिकन नावाचे एक चिमुकले बेट आहे. तिथे झोळीवाले पाणकोळी घरटी करत. त्या काळात बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची चाल होती. विणीच्या हंगामात पिसे सर्वांत सुंदर असतात, म्हणून नेमके तेव्हाच पक्षी मारत. पिल्ले घरट्यात उपाशी मरत. १४ मार्च १९०३ रोजी रूझवेल्टनी हुकूम काढून ते बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. पैशाची तरतूद काहीच नव्हती. पॉल क्रोगेल नावाचा नावा बांधणारा माणूस महिना एक डॉलरवर राखणदार झाला. तो डॉलरसुद्धा सरकारचा नव्हता, पक्षिप्रेमींच्या संस्थेचा होता. अशी ५१ पक्षिस्थाने रूझवेल्टनी राखली. शिवाय पाच राष्ट्रीय उद्याने आणि दीडशे राष्ट्रीय वने. हे काम रक्ताशिवाय झाले नाही. जुलै १९०५ मध्ये गाय ब्रॅडली हा फ्लॉरिडातील तरुण राखणदार पिसांच्या चोरांना अडवताना गोळीने मारला गेला. मारणाऱ्यावर खटलासुद्धा उभा राहिला नाही.

आता दुसरी बाजू. ती न सांगणे अन्याय होईल.

क्लबातले लोक श्रीमंत होते. त्यांच्यासाठी शिकार हा शौक होता. पण जंगलात राहणाऱ्या गरिबांसाठी आणि मूळच्या अमेरिकन जमातींसाठी शिकार म्हणजे रोजची भाकरी होती. ज्या भूमीत या जमाती पिढ्यान्‌पिढ्या वावरत, तिथेच आता त्यांना मनाई झाली. पेन्सिल्वेनिया राज्याने तर १९०९ मध्ये, नागरिकत्व न मिळालेल्या परदेशी मजुरांना शिकार करण्यास आणि शिकारीची बंदूक बाळगण्यासही बंदी केली. पक्षी वाचवण्याच्या नावाखाली हा कायदा आला. एक इटालियन माणूस त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१४ मध्ये हरला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स यांची नेमणूक रूझवेल्ट यांनीच केली होती. बंदुकीचा नियम हातातल्या बंदुकीकडे पाहून करायचा, की बंदूक धरणाऱ्याचे नाव विचारून? इथे नाव विचारले गेले. मला तरी यात न्याय दिसत नाही.

रूझवेल्टची स्वतःची बंदूकही शांत झाली नव्हती. पद सोडल्यावर १९०९ मध्ये ते संग्रहालयासाठी नमुने आणायला पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांनी आणि मुलगा करमिट याने मिळून ५१२ प्राणी मारले. त्यांत १७ सिंह होते, ११ हत्ती होते आणि दुर्मीळ पांढरे गेंडेही होते. हे आकडे त्यांनी स्वतःच पुस्तकात छापले. संग्रहालयाला नमुने हवे होते हे खरे, पण एवढे हवे होते का? लांडग्याबद्दलही त्यांची नजर शिकाऱ्याचीच होती. हरणे वाचवायची तर लांडगे मारले पाहिजेत, असे त्या काळचे जवळजवळ सगळेच समजत. यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत संपले. ही चूक उमगायला फार वर्षे लागली. १९९५ मध्ये तिथे कॅनडातून लांडगे आणून सोडावे लागले.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकी शहरात भाषणाला जाताना रूझवेल्ट यांच्या छातीवरच पिस्तूल झाडले गेले. खिशात चष्म्याचे धातूचे घर आणि भाषणाच्या कागदांची जाड घडी होती. त्यांतून गोळी मंदावत आत गेली. त्यांनी खोकून पाहिले. रक्त आले नाही, म्हणजे फुप्फुस शाबूत आहे, असा शिकाऱ्याचा हिशेब त्यांनी केला आणि जवळजवळ दीड तास भाषण करूनच ते इस्पितळात गेले. ती गोळी डॉक्टरांनी काढली नाही. ६ जानेवारी १९१९ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले, तेव्हाही ती त्यांच्या छातीत होती.

त्यांच्या मागे क्लबांचे काम चालू राहिले. १९२२ मध्ये शिकागोत गळाने मासे धरणाऱ्या ५४ जणांनी नद्या स्वच्छ राहाव्यात म्हणून आयझॅक वॉल्टन लीग ही संस्था काढली. पुढे रूझवेल्ट यांचे दूरचे भाऊबंद फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी १९३४ मध्ये मशिनगनसारख्या हत्यारांवर जबर कर आणि नोंदणी लावणारा कायदा मंजूर केला. १९३७ मध्ये दुसरा कायदा आला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांच्यावरील कराचा पैसा वन्य प्राण्यांसाठीच खर्च करायचा, असे त्यात ठरले. शिकारी क्लबांनी या कायद्याला पाठिंबा दिला, म्हणजे स्वतःच्या खिशातून जाणारा कर त्यांनी मान्य केला. १९५० मध्ये मासेमारीच्या सामानावरही तशीच व्यवस्था झाली. हे दोन्ही कर आजही चालू आहेत.

बायसनचे काय झाले ते सांगायचे राहिले. १८८९ च्या सुमारास संपूर्ण उत्तर अमेरिकेत जेमतेम एक हजार बायसन उरले होते. १९०५ मध्ये रूझवेल्टनी ओक्लाहोमातील विचिटा डोंगर शिकारबंद केले. आपल्याकडील दाजीपूरचे गव्यांचे जंगल आठवा. तेही एकेकाळी कोल्हापूरच्या राजांचे शिकारीचे रान होते. ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन रेल्वेच्या डब्यांत घालून विचिटाला पाठवण्यात आले. ती भूमी पूर्वी कोमांची जमातीची होती. सहा वर्षांपूर्वीच ती त्यांच्याकडून गेली होती. गाडी आली तेव्हा कोमांची लोक मुलाबाळांना घेऊन स्टेशनवर आले. त्यांचे सरदार क्वाना पार्करही आले. म्हाताऱ्यांनी बायसनांचे कळप पाहिलेले होते. पोरांनी आयुष्यात पहिल्यांदाच बायसन पाहिला. त्या पंधरांचा आज तिथे सुमारे साडेसहाशेंचा कळप झाला आहे.